दोघांचं क्राबी, आखडत्या हाताने: कुठे फसतं, कुठे जमतं

समुद्रमेथी
थायलंड म्हटलं की आपल्याकडे बँकॉक-पट्टायाची पाच दिवसांची सहल डोळ्यांसमोर येते. हा धागा त्यासाठी नाही. दोघांनी स्वतः आखून, सहा रात्री, थायलंडच्या अंदमान समुद्राकडच्या किनाऱ्यावर, म्हणजे क्राबी-आओ नांगला जायचं असेल तर पैसे कुठे वाचतात आणि कुठे उगाच उडतात, एवढाच विषय. अनुभवकथन नको, कृपया माहिती लिहा. आकडे बाथमध्ये द्या. हिशेबापुरता एक बाथ पावणेतीन रुपये धरा.

सुरुवात मी करते. भूगोल आधी डोक्यात बसवा, अर्धे घोटाळे तिथेच टळतात. क्राबी टाउन हे नदीकाठचं गाव आहे, तिथे समुद्रकिनारा नाही. 'क्राबीत स्वस्त खोली मिळाली' म्हणून बुकिंग करणारे रोज किनाऱ्यावर जायला-यायला पैसे मोजतात. आओ नांग किनाऱ्यावर आहे, टाउनपासून साधारण वीस किलोमीटर. तिथे दुकानं, खानावळी, होड्या सगळं आहे, पण समोरचा किनारा होड्यांचा थांबा आहे, डुंबायला फार बरा नाही. चालत जाता येईल असा नोप्पारात थाराचा किनारा त्याहून बरा. आओ नांगशेजारचं रायले मुख्य भूमीलाच जोडलेलं आहे, पण मध्ये चुनखडीचे सरळसोट कडे असल्यामुळे रस्ताच नाही. होडीनेच जावं लागतं, म्हणून खोल्या आणि जेवण दोन्ही महाग.

आखडता हात असेल तर मुक्काम आओ नांगला, किनाऱ्यापासून दहा मिनिटं आत. समुद्र दिसणाऱ्या खिडकीचे पैसे वाचवा आणि तेच होडीत घाला.

ऋतूचं म्हणाल तर या बाजूला मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी पाऊस, आपल्या कोकणासारखाच. कोरडा काळ नोव्हेंबर ते एप्रिल. नाताळ ते जानेवारीचा पहिला आठवडा खोल्यांचे भाव दुप्पट होतात. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा आणि मार्च-एप्रिल हे स्वस्त आणि कोरडं यांच्या मधले दिवस.

हिशेबनीस
चांगला धागा. विमानाचं मी लिहितो, कारण सर्वांत मोठा फटका तिथेच बसतो आणि तोही निघायच्या आधीच बसलेला असतो.

बँकॉकला दोन विमानतळ आहेत: सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. मुंबईहून येणारं विमान बऱ्याचदा सुवर्णभूमीला उतरतं आणि क्राबीची स्वस्त विमानं बरीचशी डॉन मुआंगहून सुटतात. तिकिटाच्या पानावर दोन्हीकडे 'बँकॉक' एवढंच वाचून लोक दोन तासांचं अंतर ठेवतात. प्रत्यक्षात काय होतं ते क्रमाने बघा: इमिग्रेशनची रांग, सामान घेणं, शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं, पुन्हा चेक-इन. दोन्ही विमानतळांमध्ये मोफत बस आहे, पुढच्या विमानाचं तिकीट दाखवावं लागतं, पण वाहतूक तुंबली की तासाचे दोन तास होतात. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिलं विमान उशिरा आलं ही दुसऱ्या कंपनीची जबाबदारी नाही. पैसे गेले. विमानतळ बदलत असेल तर किमान पाच तास ठेवा, नाहीतर दोन्ही विमानं सुवर्णभूमीचीच घ्या. पाचशे रुपये जास्त गेले तरी तेच स्वस्त.

दुसरा पर्याय फुकेतचा. मुंबईहून थेट विमान मिळतं, आणि फुकेतहून आओ नांगला व्हॅनने तीनेक तासांत पोचता येतं. कोरड्या ऋतूत बोटही असते.

सामान: स्वस्त तिकिटात केबिनमध्ये सात किलो. दोघांचं मिळून चौदा नाही, माणशी सात, आणि ते वजन करतात. परतीला लोक नारळाच्या तेलाची मोठी बाटली घेतात, चेक-इन सामान नसतं, आणि शंभर मिलिलिटरच्या नियमात ती सुरक्षा तपासणीत जप्त होते. जातानाची सनस्क्रीनची दोनशे मिलिलिटरची बाटलीही तशीच जाते.

आळशी_कासव
वाचनखूण साठवली. प्रश्न: व्हिसा लागतो का? कोणी म्हणतं लागत नाही, कोणी म्हणतं तिथे उतरल्यावर काढायचा.

हिशेबनीस
@आळशी_कासव, दोन्ही बरोबर, फक्त वेगवेगळ्या काळातले. पूर्वी उतरल्यावर २,००० बाथ भरून मिळायचा. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना सूट मिळाली, आणि जुलै २०२४ पासून ती ६० दिवसांची झाली. पण हा नियम सरकारं बदलत असतात, तेव्हा तिकीट काढायच्या दिवशीच थाई दूतावासाचं पान बघा, एखाद्या जुन्या धाग्यावर विसंबू नका. या धाग्यावरसुद्धा.

व्हिसा नसला तरी डिजिटल अरायव्हल कार्ड भरावंच लागतं, १ मे २०२५ पासून. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं, त्याआधी नाही. ते पूर्ण मोफत आहे. शोधायला गेलात की वरती दिसणारी पहिली दोन-तीन पानं पैसे मागणारी असतात, ती सरकारी नाहीत. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'गो डॉट टीएच' असतं. दोघांची माहिती एकाच अर्जात भरता येते, पण नोंद दोन माणसांची हवी. बायकोचं राहिलं म्हणून रांगेत उभ्याने मोबाइलवर भरणारी जोडपी तिथे हमखास दिसतात.

समुद्रमेथी
जोडप्यांसाठी आणखी एक. लग्नानंतर आधार कार्डावर नाव बदललेलं, पासपोर्टवर माहेरचं, आणि तिकीट आधारप्रमाणे काढलेलं, ही चूक फार होते. तिकीट, विमा, हॉटेल, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव, त्याच क्रमाने. हॉटेलच्या बुकिंगवर दोघांची नावं असू द्या. इमिग्रेशनला परतीचं तिकीट आणि राहण्याची जागा विचारू शकतात, तेव्हा नाव नसलेल्या माणसाची उगाच धांदल उडते.

भरतीओहोटी
आता माझा विषय. नाव उगाच घेतलेलं नाही.

क्राबीचा अर्धा खर्च आणि तीन चतुर्थांश मजा भरती-ओहोटीवर ठरते, आणि सहलीच्या जाहिरातीत त्याचा एक शब्द नसतो. उधाणाला, म्हणजे सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवसांत, इथे पाणी अडीच-तीन मीटर वरखाली होतं. किनारे उथळ असल्यामुळे ओहोटीला समुद्र शंभर-दोनशे मीटर मागे जातो. त्याचे परिणाम असे.

एक: रायलेला पूर्व आणि पश्चिम असे दोन किनारे. पश्चिमेला वाळू, पूर्वेला खारफुटी आणि चिखल. पूर्ण ओहोटीला पूर्वेकडे होडी काठापर्यंत येत नाही, सामान डोक्यावर घेऊन चिखलातून यावं लागतं. चाकांची बॅग तिथे शुद्ध ओझं. रायलेला जाताना पाठीवरची सॅक आणि आत प्लास्टिकची पिशवी.

दोन: लाँगटेल या तिथल्या लाकडी होडीत चढताना आओ नांगलाही गुडघाभर, कधी मांडीभर पाण्यातून जावं लागतं. जीन्स घालून गेलात की दिवसभर ओली. मोबाइल खिशात नको, गळ्यात कोरड्या पिशवीत.

तीन: चार बेटांच्या सहलीत 'थाले वाएक' नावाचा वाळूचा पट्टा दाखवतात, दोन-तीन बेटांना जोडणारा. तो ओहोटीलाच वर येतो. भरतीच्या वेळी तिथे नेलं तर तुम्हाला नुसतं पाणी दिसेल आणि होडीवाला बोट दाखवून म्हणेल, तिथे आहे. तिकीट काढताना एकच प्रश्न विचारा: त्या दिवशी ओहोटी किती वाजता, आणि होडी थाले वाएकला किती वाजता? उत्तर देता आलं नाही तर शेजारच्या टपरीवर जा.

कोकणातल्यांना तिथीची पाऊणपट करून भरती काढायची सवय असते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ते गणित आपल्या किनाऱ्याचं आहे, तिथे वेळ सरकते. पण मूळ तत्त्व तेच: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती-ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण-एक तास पुढे. क्राबीचं भरतीचं कोष्टक इंटरनेटवर फुकट मिळतं. तारखा ठरवायच्या आधी कॅलेंडर समोर ठेवा. वाळूचा पट्टा हवा असेल तर उधाणाच्या आसपास जा, निवांत पोहायचं असेल तर भांगाचे दिवस बरे, कारण तेव्हा दिवसभर पाणी मध्यम राहतं.

समुद्रमेथी
हे आधी कुणी सांगत नाही! होडीच्या दरांचंही लिहा ना.

भरतीओहोटी
लिहितो. आओ नांगच्या किनाऱ्यावर तिकिटाची खिडकी आहे. रायलेला माणशी १०० बाथ, संध्याकाळी सहानंतर १५०. पण होडी आठ माणसं जमल्यावर सुटते. दिवसा दहा-पंधरा मिनिटांत जमतात. रात्री जमत नाहीत. सूर्यास्त बघून, रायलेवरच जेवून साडेआठला परत निघणारं जोडपं किनाऱ्यावर एकटंच असतं, आणि होडीवाला अख्ख्या होडीचे पैसे मागतो. आठ गुणिले दीडशे, १,२०० बाथ. ही लूट नाही, त्याला डिझेल तेवढंच लागतं. सूर्यास्त होताहोताच तिकिटाच्या टेबलाशी जाऊन शेवटची भरलेली होडी कोणती ते विचारा आणि जेवण आओ नांगला येऊन करा. तिथे ते निम्म्या दरात होतं.

स्वस्त सहलीत फसण्याचं गणित सगळीकडे हेच आहे. सामाईक वाहन वेळेवर गाठलं तर शंभर, चुकलं तर बाराशे. खोलीत दोनशे वाचवून काही होत नाही.

लाँगटेलमध्ये कुठे बसायचं: मागे ट्रकचं इंजिन उघडंच बसवलेलं असतं, त्याच्याजवळ कान बधिर होतात. पुढे आवाज कमी पण तोंडावर पाण्याचे सपकारे. मधली फळी सर्वांत बरी. स्पीडबोटीचं उलटं, तिथे पुढे बसू नका, लाटेवर आपटून मणके हलतात. पाठदुखी असेल किंवा दिवस गेलेले असतील तर स्पीडबोट नकोच.

कोरडीभेळ
शाकाहाऱ्यांसाठी.

'व्हेज' म्हटलं की थाई स्वयंपाकी मांसाचे तुकडे काढतो, फिश सॉस काढत नाही. त्याच्या दृष्टीने ते मीठ आहे. नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी, कापी म्हणजे वाटलेली आंबवलेली कोळंबी, आणि ऑयस्टर सॉस, हे तीन पदार्थ जवळजवळ सगळ्यांत असतात. पॅड थाईमध्ये नाम प्ला आणि बरेचदा सुकट. सोम तामच्या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकट असतेच. लाल-हिरव्या करीच्या वाटणात कापी आधीच घातलेली असते, ती काढताच येत नाही.

उपयोगी शब्द 'जे'. 'किन जे' म्हणजे मी 'जे' खाते किंवा खातो. यात मांस-मासे-अंडी-दूध काही नाही, आणि कांदा-लसूणसुद्धा नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरं दिसली की ती जागा 'जे'. अंडं चालत असेल तर 'मांगसाविरात' म्हणा. शिवाय 'माई साय नाम प्ला', फिश सॉस घालू नका. हे तिन्ही थाई लिपीत मोबाइलवर साठवून दाखवलेलं उत्तम, कारण आपला उच्चार त्यांना कळेलच असं नाही, सूर चुकला की अर्थ बदलतो.

बिनधास्त चालणारं: आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात, तो शाकाहारीच असतो. फळांच्या गाड्या, भाजलेली केळी. रोटीच्या गाडीवर केळ्याची रोटी मिळते, क्राबीत मुस्लिम वस्ती बरीच असल्यामुळे या गाड्या पावलोपावली. रोटीत अंडं फोडायच्या आधीच सांगा. आओ नांगला भारतीय हॉटेलं भरपूर आहेत, पण डाळ-भाताचं बिल थाई जेवणाच्या दुप्पट-तिप्पट होतं. एक वेळ ठीक.

नळाचं पाणी पिऊ नका. गल्लीत पाण्याची यंत्रं असतात, एक बाथाला साधारण एक लिटर. रिकामी बाटली न्या.

बिनकांद्याचा
कोरडीभेळताई, +१. एक भर: चिनी चांद्र वर्षाच्या नवव्या महिन्यात फुकेत-क्राबीकडे नऊ दिवसांचा शाकाहाराचा उत्सव असतो, बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्याच दिवसांत. तेव्हा गल्लोगल्ली पिवळे झेंडे लागतात, कांदा-लसूण न खाणाऱ्या जोडप्यांनाही अडचण येत नाही. तोटा एकच, पाऊस संपलेला नसतो.

चाकावरचा
स्कूटर घ्या. दिवसाला २०० ते ३०० बाथ. टुकटुकवाल्यांच्या दोन फेऱ्यांत तेवढे जातात. वाहतूक डावीकडूनच, आपल्यासारखी.

हिशेबनीस
@चाकावरचा, अर्धवट सांगू नका. परवान्याचं काय?

चाकावरचा
तेच लिहीत होतो. भारतीय परवाना एकटा चालत नाही. निघायच्या आधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, सारथी पोर्टलवर अर्ज ४ए, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. त्यावर दुचाकीच्या वर्गाचा शिक्का हवा. फक्त कारचा परवाना असेल तर तिथे दुचाकी चालवणं बेकायदाच. हेल्मेट दोघांनाही. दंड २,००० बाथांपर्यंत आहे, पण खरा मुद्दा दंड नाही: परवाना किंवा हेल्मेट नसताना पडलात तर प्रवास विम्याची कंपनी पैसे देत नाही. हाड मोडलं तर खाजगी इस्पितळाचं बिल अख्ख्या सहलीच्या कितीतरी पट होतं.

भाड्याने घेताना पासपोर्ट गहाण ठेवू नका. प्रत आणि रोख अनामत द्या, नाही म्हणाले तर दुसरं दुकान. चावी हातात घ्यायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारून व्हिडिओ काढा, आधीचे ओरखडे, आरसे, खालचं प्लास्टिक, टायर. परत देताना ओरखड्याचे पैसे मागण्याचा धंदा जुना आहे. हाच धंदा फुकेत-पट्टायाला वॉटर स्कूटरवर जास्त चालतो, त्या वाटेला जाऊच नका.

लोक कुठे पडतात? वाळू आलेल्या वळणावर आणि पावसाच्या पहिल्या सरीत. चप्पल, अर्धी चड्डी, उघडे कोपरे. गुडघ्याला खरचटलं की पुढचे चार दिवस समुद्रात उतरता येत नाही, म्हणजे सहल संपलीच म्हणायची.

समुद्रमेथी
स्कूटर नको असणाऱ्यांसाठी: क्राबी टाउन ते आओ नांग सोंगथाव चालतात. मागे दोन बाकडी टाकलेली उघडी गाडी, आपल्या वडापसारखी. माणशी ५०-६० बाथ. विमानतळाहून आओ नांगला बस माणशी १५०, टॅक्सी साधारण ६००. दोघांना बसने तीनशे. रात्री उशिरा उतरणार असाल तर बस असेलच असं धरू नका.

आळशी_कासव
रोख किती न्यावी? यूपीआय चालेल या भरवशावर जाता येईल का?

हिशेबनीस
नाही. होडी, सोंगथाव, गाड्यांवरचं खाणं, सगळं रोख. परदेशी कार्डावर एटीएमला दर वेळी २२० बाथ किंवा जास्त शुल्क तिथली बँक कापते, तुमच्या बँकेचं वेगळं. म्हणून दोन-दोन हजार चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढा. यंत्र विचारतं: रुपयांत हिशेब करू की बाथमध्ये? नेहमी बाथ. रुपये दाबलेत की त्यांच्या मर्जीचा दर लागतो.

भारतातून डॉलर न्यायचे तर शंभराच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा. लहान नोटांना दर कमी, फाटक्या किंवा पेनाने लिहिलेल्या नोटा परत करतात. सुवर्णभूमीला वरच्या मजल्यावर दर वाईट आहे. तळघरात शहराच्या रेल्वेच्या दाराशी काउंटर आहेत, तिथे बराच चांगला मिळतो. रुपये तिथे बदलायला नेऊ नका.

भरतीओहोटी
फी फी बेटाचं राहिलं. हे सगळ्यांना करायचंच असतं, आणि हीच सहल सर्वांत जास्त नाराज करते.

तिथला माया बे हा प्रसिद्ध किनारा जून २०१८ मध्ये प्रवाळ मेल्यामुळे बंद केला होता, जानेवारी २०२२ मध्ये उघडला. आता होड्या खाडीत शिरत नाहीत, मागच्या लोह सामा बाजूला लावतात आणि लाकडी वाटेने चालत जावं लागतं. पोहायला बंदी, गुडघाभर पाण्यात उभं राहता येतं. दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पूर्ण बंद. म्हणजे डोक्यात निळ्या पाण्यात डुंबण्याचं चित्र घेऊन गेलात तर पैसे वाया. बघायला मात्र ती जागा देखणीच आहे, सकाळच्या पहिल्या फेरीत.

जाहिरातीतल्या दरात राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क बहुधा नसतं. फी फीसाठी परदेशी प्रौढाला ४०० बाथ, दोघांचे ८००, होडीत बसल्यावर मागतात, रोख. तिकीट घेताना 'उद्यानशुल्कासह का?' हे विचारून पावतीवर लिहून घ्या. आणि तिकीट इथून इंटरनेटवर काढायची घाई नको. आओ नांगच्या रस्त्यावर टपऱ्याच टपऱ्या, सगळ्या त्याच दोन-चार होडीमालकांची तिकिटं विकतात. आदल्या संध्याकाळी, आकाश बघून, घासाघीस करून घ्या. फक्त ऐन नाताळात हे चालत नाही.

कोरडीभेळ
बोट लागणाऱ्यांनी गोळी होडीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी किमान तासभर आधी, डॉक्टरांना विचारून. झोप येते, त्या दिवशी स्कूटर नको. रिकाम्या पोटी बसू नका आणि तेलकट खाऊनही बसू नका. कोरडा पाव, आलेपाक.

बिनकांद्याचा
उन्हाचं कुणी लिहिलं नाही. मास्क लावून पालथं पोहताना पाठ आणि पोटऱ्यांची मागची बाजू भाजते, पाणी गार असल्यामुळे कळत नाही. संध्याकाळी मसाजला जावं तर हात लावू देववत नाही. पूर्ण बाह्यांचा पोहायचा टीशर्ट घ्या, तो क्रीमपेक्षा स्वस्त पडतो.

शिवाय सागरी उद्यानांत ऑगस्ट २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि आणखी दोन रसायनं असलेल्या सनस्क्रीनला बंदी आहे. प्रवाळाला ती घातक. दंड एक लाख बाथांपर्यंत. आपल्याकडून नेलेल्या बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचा, झिंक ऑक्साइडची चालते.

समुद्रमेथी
जेलीफिश चावलीच तर: चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. व्हिनेगर अर्धा मिनिट सलग ओतायचं, मग धागे काढायचे. बऱ्याच किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या खांबावर ठेवलेल्या असतात. श्वासाला त्रास झाला तर १६६९ वर रुग्णवाहिका, पर्यटक पोलीस ११५५. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरायचं नाही, पावसाळ्यात तिथे किनाऱ्यावरून आत ओढणारे प्रवाह असतात. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, आडवं पोहून ओढीच्या बाहेर या.

आणि शिंपले-प्रवाळ गोळा करून आणायची आपली सवय इथेच ठेवून जा. उद्यानातून काहीही उचलणं गुन्हा आहे.

आळशी_कासव
आता इतकं वाचून घरीच बसावंसं वाटतंय. मजा कुठे आहे या सगळ्यात?

भरतीओहोटी
@आळशी_कासव, बरं झालं विचारलंत.

सकाळी पहिल्या होडीने रायलेला जा आणि पूर्वेच्या कड्याखालच्या वाटेने चालत फ्रा नांग किनाऱ्यावर पोचा. सहलीच्या होड्या साधारण साडेनऊ-दहानंतर येतात. त्याआधी तो किनारा जवळजवळ रिकामा असतो: वरून लोंबणारे चुनखडीचे सुळके, खाली शांत हिरवं पाणी. खर्च जाऊन-येऊन दोघांचे चारशे बाथ. पाच हजारांची खाजगी होडी करणाऱ्यांनाही याहून वेगळं काही मिळत नाही. तिथल्या गुहेत मच्छीमारांनी देवी फ्रा नांगला वाहिलेली लाकडी लिंगं आहेत. हसून फोटो काढायची ती जागा नाही, लोक तिथे खरोखर नवस बोलतात.

अमावास्येच्या आसपास असाल तर रात्रीची होडी घ्या. पाण्यात हात फिरवला की निळसर ठिणग्या उठतात, सूक्ष्म जीवांचा प्रकाश. पौर्णिमेला चांदण्यात तो दिसत नाही, तरीही तिकिटं विकतात. तिथी बघा.

कोरडीभेळ
आणि नोव्हेंबरमधली पौर्णिमा साधली तर लोय क्राथोंग. आपली त्रिपुरी पौर्णिमा बहुधा त्याच दिवशी. केळीच्या खोडाच्या चकतीचा छोटा तराफा, पानांच्या घड्या, फुलं, मेणबत्ती, उदबत्ती. संध्याकाळी पाण्याकाठी विकायला बसतात, दोघांत एक घेऊन सोडायचा. थर्माकोलचे घेऊ नका. इथे दीपदान करणाऱ्याला तिथे काही शिकवावं लागत नाही.

एप्रिलच्या १३ ते १५ ला सोंगक्रान. रस्ताभर पाण्याची रंगपंचमी, फक्त रंगाशिवाय. पासपोर्ट खोलीत, मोबाइल पिशवीत, आणि त्या दिवसांत गावं बदलायचा बेत नको, बसगाड्या भरलेल्या असतात.

चाकावरचा
क्राबी टाउनचा रात्रीचा बाजार शुक्रवार ते रविवार. आणि वाघाच्या गुहेचं देऊळ, वाट थाम सुआ: बाराशेवर पायऱ्या, काही ठिकाणी एक पायरी गुडघ्याएवढी. सकाळी साडेसहाला सुरुवात करा, माणशी लिटरभर पाणी, खांदे-गुडघे झाकलेले कपडे. खालच्या माकडांसमोर प्लास्टिकची पिशवी उघडू नका. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खालची गुहाच बघावी, अर्ध्या वाटेवर परत फिरणं चढण्यापेक्षा त्रासाचं.

हिशेबनीस
एकूण आकडा देतो, दोघांचा, सहा रात्री, विमान सोडून, गर्दीचे दिवस वगळून, सगळं अंदाजे. खोली ९०० प्रमाणे ५,४००. जेवणखाण दिवसाला ७०० धरून सात दिवसांचं ४,९००. विमानतळ बस जाऊन-येऊन ६००. रायलेला दोन खेपा ८००. चार बेटं सामाईक लाँगटेलने १,०००, फी फी स्पीडबोटीने २,६००, दोन्हीकडचं उद्यानशुल्क जास्तीत जास्त १,६००. स्कूटर दोन दिवस पेट्रोलसह ६५०. तासाभराचा थाई मसाज दोघांना ६००. सिम, पाणी, किलोवर कपडे धुणं ६००. इथवर १८,७५०. चुकलेल्या होडीसाठी आणि पावसासाठी २,२५० बाजूला ठेवा. झाले २१,०००, म्हणजे सत्तावन्न-अठ्ठावन्न हजार रुपये.

फी फी वगळलीत तर यातले साडेतीन हजारांच्या आसपास बाथ वाचतात.

समुद्रमेथी
मी वगळायच्याच बाजूची. त्या पैशांत आणखी दोन रात्री राहून दोन वेळा फ्रा नांग.

भरतीओहोटी
असहमत. पहिल्या खेपेला फी फी बघाच, प्रवाळ आणि मासे तिथे कितीतरी चांगले दिसतात. फक्त माया बेसाठी म्हणून जाऊ नका.

आळशी_कासव
शेवटचा प्रश्न, हसू नका. पायात काय घालायचं?

चाकावरचा
पट्ट्याची रबरी सँडल, टाचेमागे पट्टा असलेली. साधी चप्पल चिखलात रुतून राहते आणि होडीत चढताना तरंगत जाते.

बिनकांद्याचा
रायलेच्या आतल्या तळ्याकडे उतरायचं असेल तर सँडलही नको. ती वाट म्हणजे ओल्या लाल मातीतून दोर धरून उतरणं आहे. पकड असलेले बूट, दोन्ही हात मोकळे, आणि आदल्या दिवशी पाऊस पडला असेल तर बेत रद्द.

आळशी_कासव
धन्यवाद मंडळी. नोव्हेंबरचं भरतीचं कोष्टक उघडून बसलोय. उधाण सापडलं, आता रजा सापडायची आहे.